ड्रमरची बैठक आणि तिचा प्रवास

१. हॉलमध्ये खुर्च्या असताना

हॉलमध्ये पाचशे खुर्च्या मांडलेल्या असताना ड्रम वाजवणारा माणूस स्वतःचं स्टूल घरून का घेऊन येतो? हा प्रश्न मांडववाला विचारतो, टॅक्सीवाला विचारतो, आणि मुलगा ड्रमर निघाला तर होणारे सासरेही विचारतात. गिटारवाल्याने गिटार आणली तर कुणाला नवल वाटत नाही. पण तीन पायांचं एक लोखंडी धूड आणि वर गोल उशी, हे पाठीवर मारून कुणी जिना चढताना दिसला की लोक थांबून बघतात.

आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्त पडतो, त्यालाही कारण आहे. रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, १९८५ मध्ये बाजारात आला आणि पुढे आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये त्याने चांगलंच बस्तान बसवलं. ऑक्टापॅडवाला बऱ्याचदा उभ्यानेच वाजवतो, नाहीतर मांडवातली एखादी खुर्ची ओढून घेतो. त्यामुळे तालवाद्य वाजवणाऱ्याला बैठक कसलीही चालते असं आपल्याला वाटत आलं आहे. पूर्ण ड्रमसेट वाजवणाऱ्याला ती चालत नाही, आणि याला कारण त्याचे पाय.

आपण खुर्चीत बसतो तेव्हा शरीराचं थोडं वजन पायांवाटे जमिनीवर जातं, आणि तोल गेलाच तर सावरायचं कामही पायच करतात. ड्रमरचे दोन्ही पाय कामात असतात. उजवा मोठ्या ढोलाच्या म्हणजे बेस ड्रमच्या पेडलवर, डावा हाय-हॅटच्या, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजांच्या, पेडलवर. म्हणजे वजन बहुतेक सगळं बैठकीवर, आणि तोल सांभाळायचा तो कमरेने. त्यात वरचं अंग सतत डावी-उजवीकडे फिरत असतं. मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीला हात असतात, ते कोपरांना आडवे येतात. तिची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे कंबर मागे कलंडते आणि पाठीला बाक येतो. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात अशा खुर्चीचा परिणाम आधी पाठीला कळतो आणि मग ऐकणाऱ्यालाही कळतो.

दुसरी गोष्ट मापांची. ड्रमसेटवरची प्रत्येक वस्तू बसलेल्या माणसाच्या उंचीला धरून लावलेली असते. बैठक दोन इंच खाली गेली की समोरचा स्नेअर, म्हणजे मांड्यांच्या मधला तो खणखणीत वाजणारा ड्रम, हाताच्या हिशेबाने दोन इंच वर येतो. काठी कातड्याऐवजी कडेच्या लोखंडी रिंगवर आपटायला लागते. सिंबल लांब गेल्यासारखं वाटतं. मग वादक एकेक स्टँड खाली-वर करत बसतो आणि साउंडवाला घड्याळ बघत बसतो.

म्हणून मोठ्या कार्यक्रमांत, जिथे ड्रमसेट आयोजक पुरवतात, तिथेही ड्रमर चार गोष्टी आपल्या आणतो: स्नेअर, सिंबल, बेस ड्रमचं पेडल आणि बैठक. पहिल्या तीन जवळपास सगळेच आणतात. चौथ्या गोष्टीबाबत आळस होतो, कारण ती जड आहे, अडनिडी आहे, आणि तिला नीट पिशवी मिळत नाही. या प्रकरणात तिच्याबद्दलच बोलायचं आहे. ड्रमर मंडळी तिला थ्रोन म्हणतात, आपणही तेच म्हणू.

२. ड्रमर बसायला कधी लागला

ड्रमर पूर्वी सगळेच बसून वाजवत असं नाही. एका माणसाने बेस ड्रम आणि स्नेअर दोन्ही वाजवायचे तर तो बेस ड्रमवर एक काठी मारून लगेच स्नेअरकडे वळे. हे बऱ्याचदा उभ्यानेच चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पायाने दाबायची पेडल रुळायला लागली. शिकागोत विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये कंपनी काढली ती अशाच पेडलच्या जोरावर. पाय कामाला लागला की माणसाला बसावंच लागतं. १९२०च्या दशकात हाय-हॅट आली आणि दुसराही पाय अडकला. वेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर किंवा स्ट्रे कॅट्सचा स्लिम जिम फँटम यांच्यासारखे उभ्याने वाजवणारे पुढेही झाले, पण ते अपवाद.

बसायला लागल्यावर बरीच वर्षं हाताशी येईल ती खुर्ची वापरली गेली. मग प्रवास करणाऱ्या वादकांसाठी एक हुशार वस्तू निघाली: ड्रमच्याच आकाराचा पोकळ डबा आणि वर गादीचं झाकण. कार्यक्रमाला जाताना स्टँड डब्यात भरायचे आणि पोचल्यावर ते काढून डब्यावर बसायचं. बैठकच पेटी आणि पेटीच बैठक. लुडविगसारख्या कंपन्या असे डबे विकत असत. कल्पना झकास, पण आत लोखंड भरलं की तो डबा उचलताना कंबर धरायची, आणि साध्या डब्याची उंची बदलता येत नसे. स्टँड जसजसे दणकट झाले तसे ते डब्यात मावेनासे झाले आणि घडीच्या तीन पायांनी बाजी मारली.

३. तीन पाय आणि एक छोटं गणित

जुन्या घरांत पाण्याच्या पिंपाखाली किंवा पंचपात्रीखाली तिवई असे. शेणाने सारवलेली जमीन कधी सपाट नसते, तरी तिवई डुगडुगत नसे. चार पायांचं टेबल त्याच जमिनीवर ठेवलं की एखाद्या पायाखाली कागदाची घडी सरकवावी लागते. कारण असं की कुठल्याही तीन टोकांतून एक सपाट पातळी नेहमी जाते. चौथं टोक त्याच पातळीत असेलच याची खात्री नाही. मांडवाचं स्टेज म्हणजे पिंपांवर किंवा लोखंडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या, वर सतरंजी. तिथे बहुतेक थ्रोन तीन पायांचे का असतात हे यावरून कळतं.

तीन पायांना याची किंमत मोजावी लागते, ती किती ते मोजून बघू. समजा, पाय पूर्ण उघडल्यावर प्रत्येक पायाचं टोक मधल्या दांडीपासून ३० सेंटिमीटरवर आहे. शेजारच्या दोन पायांची टोकं जोडणारी रेष काढा. शरीराचा भार या रेषेच्या बाहेर गेला की थ्रोन कलंडतो. तीन पायांच्या थ्रोनमध्ये ही रेष मधल्या दांडीपासून फक्त १५ सेंटिमीटरवर असते. चार पाय असतील तर ती साधारण २१ सेंटिमीटरवर जाते आणि ऑफिसच्या खुर्चीसारखे पाच असतील तर साधारण २४ वर. म्हणजे तीन पाय डुगडुगत नाहीत, पण दोन पायांच्या मधल्या दिशेला लवकर कलंडतात.

गोल गादीचा व्यास साधारण १४ इंच असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १७-१८ सेंटिमीटर. आपली कलंडण्याची रेष १५ वर आहे. त्यामुळे मध्यंतरात गिटारवाला येऊन थ्रोनच्या अगदी कडेवर टेकतो आणि धाडकन खाली येतो, यात त्याच्या वजनाचा दोष फारसा नसतो.

या गणितातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली: पाय अर्धवट उघडू नयेत. जागा कमी आहे म्हणून पाय आखडले आणि टोकं ३० ऐवजी २० सेंटिमीटरवर आली, तर कलंडण्याची रेष १० सेंटिमीटरवर येते. दुसरी: एक पाय बरोबर मागे, पाठीच्या दिशेला ठेवावा. पायाच्या दिशेला थ्रोन सगळ्यात भक्कम असतो, आणि मागे झुकताना सावरायला आपले पाय उपयोगी पडत नाहीत. पुढे झुकलं तर निदान पेडलचा आधार मिळतो.

४. कुठून उघडतो, कुठून मोडतो

थ्रोनचे मुख्य भाग दोन: वरची गादी आणि खालची तिवई.

गादी म्हणजे प्लायवूडची गोल फळी, वर फोम, त्यावर रेक्झिन किंवा मखमलीसारखं कापड. काही गाद्या सायकलच्या सीटसारख्या पुढे निमुळत्या असतात, म्हणजे मांड्या मोकळ्या राहतात. फळीच्या खाली स्क्रूने बसवलेला एक लोखंडी तुकडा असतो. त्यातल्या भोकात खालची दांडी शिरते आणि विंगबोल्ट पिळला की घट्ट बसते. विंगबोल्ट म्हणजे दोन कान असलेला, पान्याशिवाय हाताने पिळता येणारा बोल्ट.

खालच्या भागात नळी, तिच्या आत वर-खाली होणारी दांडी, आणि तीन पाय. चांगल्या थ्रोनचा प्रत्येक पाय दोन पट्ट्यांचा असतो. पायाच्या टोकाला रबरी बूट.

उंची बदलायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि प्रवासात प्रत्येकीची खोड वेगळी. आट्यांच्या दांडीचा थ्रोन गोल फिरवला की वर-खाली होतो. तो भार छान घेतो, पण खालचा लॉकनट पिळायचा राहिला तर वाजवता वाजवता अंगाबरोबर गादीही फिरते आणि उंची हळूहळू बदलते. भोकांच्या दांडीत आडवी पिन घालायची असते, ती हरवते. साधी गुळगुळीत दांडी विंगबोल्टने आवळली जाते. तिला हवी तेवढी उंची देता येते, पण बोल्ट सैल पडला तर ती खाली सरकते. गॅसवाला थ्रोन ऑफिसच्या खुर्चीसारखा, खटका दाबला की वर. तो पिशवीत भरताना दांडी पूर्ण वर आलेली असू द्यावी. दाबून लहान केलेल्या अवस्थेत भरला आणि धक्क्याने खटका दाबला गेला तर दांडी आतल्या आत उसळते आणि पिशवीची चेन उसवते.

आता मोडतो कुठे ते बघू. पाय सहसा मोडत नाहीत. बिघडतो तो गादीखालचा तुकडा. विंगबोल्ट अर्धवट पिळलेला राहिला की प्रत्येक वळणाला गादी किंचित डुलते. त्या डुलण्याने भोक हळूहळू मोठं होतं, तुकड्याचे चार स्क्रू सैल पडतात आणि प्लायवूडमधली त्यांची घरं रुंदावतात. ‘थ्रोन जुना झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. वेळीच चार स्क्रू आवळले तर तो आणखी कितीतरी वर्षं चालतो. म्हणून थ्रोन सोडला की गादी उलटी करून अंगठ्याने तो तुकडा हलवून बघावा. हलला तर त्याच दिवशी पेचकस काढावा.

५. उंची घरी ठरवा, वाटेत सांभाळा

योग्य उंची कशी ओळखायची? दोन्ही पाय पेडलवर ठेवून बसा. गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली असले पाहिजेत, म्हणजे मांड्या किंचित पुढे उतरत्या. आता दोन्ही पाय क्षणभर हवेत उचला. मागे न जाता बसून राहता आलं तर उंची आणि जागा दोन्ही ठीक. ही परीक्षा घरी, निवांत करायची.

ठरलेली उंची प्रवासात टिकवण्यासाठी एक छोटीशी वस्तू मिळते, तिला मेमरी लॉक म्हणतात. ती दांडीवर बसणारी लोखंडी रिंग असते, एका बाजूला उघडणारी. ड्रम-की नावाच्या चौकोनी भोकाच्या चावीने ती आवळतात. उंची जुळली की रिंग सरकवत नळीच्या तोंडापर्यंत आणायची, तिचा खाचा नळीवरच्या उंचवट्यावर बसवायचा आणि चावीने घट्ट करायची. पुढच्या वेळी दांडी नळीत सोडली की रिंग तोंडाशी अडते आणि उंची मिलिमीटरही इकडेतिकडे होत नाही. खाच्यामुळे दांडी फिरतही नाही. मात्र सगळं वजन एकट्या रिंगवर टाकू नये. नळीचा विंगबोल्टही पिळायचाच.

ही रिंग दांडीवरून कधीच काढायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी कार्यक्रमाच्या आधीची बरीच धावपळ वाचते. मदतीला आलेली उत्साही मुलं ‘सगळं खोलून देतो दादा’ म्हणत तीही सोडतात. त्यांना आधीच सांगून ठेवावं.

मेमरी लॉक नसेल तर दांडीवर रंगीत टेप गुंडाळा. आट्यांच्या दांडीवर टेप टिकत नाही, तिथे माप लक्षात ठेवावं लागतं, आणि मोजपट्टी तर सदैव हातातच असते. ५ए नावाची, सगळ्यात जास्त खपणारी काठी साधारण १६ इंचांची असते. ती जमिनीवर उभी धरायची आणि वर आडवी चार बोटं ठेवायची. चार बोटं म्हणजे ढोबळमानाने तीन इंच, झाले १९. गादीचा खालचा काठ तुमच्या बाबतीत कुठे येतो तेवढं एकदा पाठ करून ठेवलं की झालं. वरून मोजू नये, कारण फोम बसल्यावर दबतो.

६. पिशवी

दुकानात थ्रोनची स्वतंत्र पिशवी मिळते, पण बरेच जण पूर्ण थ्रोन स्टँडच्याच लांब पिशवीत कोंबतात. त्यातून दोन नुकसानं होतात. स्टँडची टोकं गादीच्या रेक्झिनला भोसकतात, आणि गादीखालचा लोखंडी तुकडा बाकीच्यांच्या चकचकीत नळ्या खरवडतो.

माझ्या मते गादी आणि तिवई वेगळी न्यावी, आणि त्यासाठी नवीन पिशवी घ्यायची गरज नाही. १४ इंची स्नेअरची जुनी पिशवी असेल तर १३ किंवा १४ इंची गोल गादी तीत छान बसते, कारण दोन्हींचा घेर जवळपास सारखा. गादी उपडी ठेवायची, म्हणजे मऊ बाजू खाली आणि लोखंडी तुकडा वर. त्या तुकड्याभोवतीच्या मोकळ्या जागेत टॉवेल, ड्रम-की, एक जास्तीचा विंगबोल्ट आणि रबरी बुटांची जोडी मावते. बूट जास्तीचे हवेतच. एक बूट गळून पडला की लोखंडी टोक हॉलच्या लाकडी फरशीवर ओरखडे काढतं, आणि मॅनेजर अनामत परत देताना ते मोजतो. निमुळत्या गादीला ही पिशवी चालत नाही. तिला जाड कापडाची थैली शिवून घ्यावी. बॅगा शिवणारा कुणीही ती शिवून देतो.

तिवई मिटताना आधी पायांचा विंगबोल्ट सैल करायचा, मग पाय वर ओढायचे, आणि मिटल्यावर बोल्ट पुन्हा पिळायचा. ही शेवटची पायरी हमखास राहते. मग जिन्यात पाय उघडतात आणि बोटं चेमटतात. मिटलेल्या पायांभोवती एक वेल्क्रोचा पट्टा गुंडाळला तर उत्तम. स्टँडच्या पिशवीला चाकं असतील तर तिवई चाकांच्या बाजूला, तळाशी.

७. लोकल, दुचाकी, टेम्पो

चाकांच्या पिशवीची खरी परीक्षा मुंबईत रेल्वेच्या पुलावर होते. दादरच्या पुलावर चाकांचा उपयोग शून्य, सगळं उचलूनच न्यावं लागतं. अशा वेळी गादी पाठीवर, सिंबलची पिशवी दुसऱ्या खांद्यावर आणि तिवई हातात, अशी वाटणी बरी पडते. डबा मालाचा बघावा आणि गर्दीची वेळ टाळावी. हा सल्ला द्यायला सोपा आहे, पण संध्याकाळी सातचा कार्यक्रम असेल तर गर्दी टाळणार कशी? मग निदान तिवई उभी धरावी, पाय मिटलेले, रबरी टोकं खाली. आडवी धरली तर ती कुणाच्या ना कुणाच्या पोटरीला लागते आणि पुढची तीन स्टेशनं ऐकून घ्यावं लागतं.

स्कूटरवर पायांजवळच्या सपाट जागेत तिवई उभी राहते. फक्त हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती अडत नाही ना ते निघण्याआधी बघायचं. गादी पाठीवर.

लांबच्या रेल्वेप्रवासात अडचण कमी. मुंबईहून कोकणकन्या किंवा मांडवी एक्स्प्रेसने मडगावला लग्नाची सुपारी वाजवायला जाणारा ड्रमर तिवई खालच्या बर्थखाली सहज सारतो. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत माणशी ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं, आणि स्लीपरच्या डब्यात न्यायच्या पेटीला १०० × ६० × २५ सेंटिमीटरची मर्यादा आहे. मिटलेली तिवई यात आरामात बसते. बेस ड्रम बसत नाही, पण ते दुखणं वेगळं.

टेम्पो किंवा गाडी असेल तर प्रश्न वजनाचा राहत नाही, क्रमाचा होतो. स्टेजवर ड्रमसेट लावताना आधी सतरंजी पडते, मग थ्रोन, मग थ्रोनवर बसून बेस ड्रमचं पेडल आणि स्नेअर यांची जागा ठरते. बाकी सगळं त्यांच्याभोवती. म्हणजे सतरंजी आणि थ्रोन सगळ्यात आधी हवेत, म्हणून ते टेम्पोत सगळ्यात शेवटी, दाराशी चढले पाहिजेत. प्रत्यक्षात लोक लहान वस्तू आधी आत सरकवतात, थ्रोन स्पीकरच्या मागे जातो, आणि ड्रमर पाऊण तास उभ्याने अंदाजपंचे स्टँड लावत राहतो. थ्रोन मिळाल्यावर ते सगळे पुन्हा हलवावे लागतात.

गादीवर काही ठेवू नये. ॲम्प्लिफायरखाली रात्रभर दबलेला फोम पूर्ण वर येत नाही. उघड्या टेम्पोत दोरी बांधायची ती तिवईवरून. गादीवरून आवळलेली दोरी कायमची घळ पाडते. मे महिन्यात बंद गाडीत गादी दिवसभर ठेवली तर रेक्झिन कडक होऊन शिवणीपाशी चिरायला लागतं.

८. विमान

इथे आकडेमोड करावीच लागते. देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बऱ्याच कंपन्या १५ किलोचं सामान आत टाकू देतात आणि ७ किलोची एक पिशवी सोबत नेऊ देतात. ड्रमरचं ढोबळ ओझं असं: सिंबल पिशवीसकट साडेसात किलो, स्नेअर चार, पेडल दोन. झाले साडेतेरा, आणि कपडे अजून घरातच आहेत. पूर्ण थ्रोन पाच-सहा किलोंचा, म्हणजे जादा पैसे आले.

यावर तोडगा म्हणजे नुसती गादी न्यायची आणि तिवई तिथली वापरायची. पाठीला सवय असते ती गादीची. गादी साधारण दोन किलोंची. सोबतच्या पिशवीचं नेहमीचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर, ती गादी बसते. १४ इंच म्हणजे साडेपस्तीस, ती अर्ध्या सेंटिमीटरने अडते. फिरतीचं काम जास्त असेल तर गादी विकत घेतानाच हे डोक्यात ठेवावं. खालचा लोखंडी तुकडा क्ष-किरणात ठळक दिसतो, तेव्हा तपासणीत पिशवी उघडायला सांगतील हे धरून पाच मिनिटं आधी जावं.

एक मेख मात्र आहे. सगळ्या कंपन्यांच्या दांड्या एका जाडीच्या नसतात. काही साधारण २२ मिलिमीटरच्या, काही २५च्या आसपास. मोठ्या भोकाची गादी बारीक दांडीवर बसते खरी, पण विंगबोल्ट कितीही पिळला तरी डुलते. लहान भोकाची जाड दांडीवर बसतच नाही. तेव्हा आयोजकाला यादी पाठवताना ‘थ्रोन हवा’ एवढं न लिहिता दांडीची जाडी विचारावी. तो विचारात पडेल, कुणाला तरी फोन करेल, पण उत्तर मिळतं.

गॅसच्या थ्रोनच्या नळीत दाबाखालचा वायू असतो. तो विमानात न्यायचा तर कंपनीला आधी विचारून लेखी उत्तर घ्यावं. त्यापेक्षा आट्यांचा थ्रोन न्यावा हे बरं. परदेशी लांब पल्ल्याला २३ किलोची पेटी नेहमीची असते. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही मर्यादा तिवईला कधी आड येत नाही.

९. पाऊस आणि खारा वारा

फोम शिवणीतून पाणी पितो आणि सोडत नाही. वरून रेक्झिन कोरडं दिसतं, बसल्यावर पँट भिजते. दोन-तीनदा असं झालं की खालचं प्लायवूड फुगतं आणि त्याचे थर सुटतात, मग चौथ्या भागात सांगितलेले स्क्रू पकड सोडतात. पावसाळ्यात गादी आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग कापडी पिशवीत घालावी. घरी पोचल्यावर मात्र प्लास्टिक लगेच काढायचं, नाहीतर आतल्या घामाने बुरशी धरते. भिजलेली गादी उपडी करून पंख्याखाली वाळवावी. मखमली गादी घाम शोषते आणि घसरत नाही, म्हणून वाजवायला छान. पण कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर तिचा वास जात नाही.

समुद्राकाठच्या कार्यक्रमांनंतर आटे बघावेत. खाऱ्या हवेने आधी तिथे गंज चढतो, कारण घासून घासून वरचा मुलामा गेलेला असतो. ओल्या फडक्याने मीठ पुसायचं, कोरडं करायचं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लावायचे आणि जास्तीचं तेल पुसून टाकायचं. तेल तसंच राहिलं तर त्यावर वाळू बसते आणि ती आटे खाते. ग्रीस तर नकोच, पांढऱ्या कपड्यांवरचे डाग निघत नाहीत.

१०. कार्यक्रम संपल्यावर

थ्रोन हरवतो तो बहुतेक वेळा चोरीने नाही. सिंबल, स्नेअर भरून होईपर्यंत थ्रोन स्टेजवर एकटाच उरलेला असतो, आणि बसता येण्याजोगी ती एकमेव वस्तू असते. कीबोर्डवाला वायरी गुंडाळायला त्यावर बसतो, त्याच्यानंतर साउंडवाला मिक्सरपाशी घेऊन जातो, आणि टेम्पो निघतो. एकाच रात्री तीन-चार बँड असतील तर काळे, गोल, एकसारखे थ्रोन अदलाबदलही होतात.

उपाय साधे आहेत. गादीच्या खाली प्लायवूडवर ठसठशीत अक्षरांत नाव आणि फोन नंबर लिहावा. तिन्ही पायांवर भडक रंगाची टेप लावावी, म्हणजे अंधाऱ्या विंगेतही ओळख पटते. आणि वाजवून उठल्याबरोबर सगळ्यात आधी गादी काढून पिशवीत टाकावी. नुसत्या तिवईवर कुणी बसत नाही, त्यामुळे ती जिथल्या तिथे राहते. ती मात्र टेम्पोत शेवटीच चढवायची, सतरंजीच्या शेजारी, आणि दार लावण्याआधी विंगबोल्ट सगळे जागेवर आहेत ना ते हाताने चाचपून बघायचं. एखादा फळ्यांच्या फटीतून खाली पडलेला असतो, आणि मांडववाला सकाळी स्टेज उचलायला येईपर्यंतच तो शोधता येतो.